संख्याशास्त्राचा एक मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम : स्वतः शिकून आणि वर्गात वापरून दिलेला अभिप्राय

विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना एक अडचण मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. पद्धत समजावून सांगण्यातच तासिका संपते आणि उदाहरणे सोडवायला, सोडवताना चुकायला आणि ती चूक कुठे झाली हे शोधायला वेळ उरत नाही. हा वेळ कुठून तरी काढायचा, या हेतूने मी संभाव्यता आणि संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून देणारा सहा आठवड्यांचा एक मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम निवडला. आधी तो स्वतः विद्यार्थिनी म्हणून पूर्ण केला आणि पुढच्या सत्रात त्याचा काही भाग माझ्या वर्गात वापरला. पुढील अभिप्राय या दोन्ही अनुभवांवर आधारलेला आहे. अभ्यासक्रमाचे आणि तो चालवणाऱ्या मंचाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यातले गुण आणि दोष अशा असंख्य अभ्यासक्रमांत आढळतात आणि निवड करणाऱ्या शिक्षकाने नेमके काय तपासावे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रचना साधी आहे. दर आठवड्याला आठ-दहा व्हिडिओ, प्रत्येकानंतर दोन-तीन सरावप्रश्न, आठवड्याच्या शेवटी एक चाचणी, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात एकेक लेखी स्वाध्याय आणि या सगळ्याच्या जोडीला एक चर्चामंच. व्हिडिओ पाच ते सात मिनिटांचे आहेत आणि त्यांत शिक्षिका कोऱ्या पाटीवर स्वतःच्या हाताने आकृत्या काढत, आकडेमोड करत बोलते. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन मंचावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात छोटे व्हिडिओ अधिक लक्षपूर्वक पाहिले जातात आणि तयार सरकचित्रांपेक्षा (स्लाइड्सपेक्षा) हाताने लिहीत केलेले विवेचन प्रेक्षकाला अधिक धरून ठेवते, असे आढळले होते. वर्गातल्या तासाभराच्या व्याख्यानाचे चित्रीकरण करून ते जसेच्या तसे चढवण्याची सवय अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. या अभ्यासक्रमाने ती टाळली, हे चांगले केले.

मात्र व्हिडिओ चांगले असणे ही माझ्या लेखी या अभ्यासक्रमाची खरी जमेची बाजू नाही. चांगले व्हिडिओ आता जागोजागी मिळतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) आपले अध्यापन साहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा निर्णय २००१ मध्येच जाहीर केला होता आणि तेव्हापासून उत्तम व्याख्यानांचा तुटवडा कुणालाच भासू नये इतके साहित्य उपलब्ध आहे. शिकणाऱ्याला एक व्हिडिओ संपल्यानंतर आणि दुसरा सुरू होण्यापूर्वी काय करायला लावले जाते, यावर अभ्यासक्रमाची किंमत ठरते, आणि दुसऱ्या आठवड्यात हा अभ्यासक्रम जे करायला लावतो ते पाहून मी थक्क झाले.

दुसरा आठवडा सशर्त संभाव्यतेचा, म्हणजे एक गोष्ट घडल्याचे माहीत असताना दुसरीची शक्यता किती याचा, आहे. तिथे व्हिडिओ उघडण्यापूर्वीच एक प्रश्न समोर येतो. १,००० माणसांपैकी एकाला असणारा एक आजार आहे. त्याची चाचणी आजारी माणसाला ९९ टक्के वेळा अचूक ओळखते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही ती चुकून आजारी ठरवते. एखाद्याच्या चाचणीत आजार असल्याचा निष्कर्ष निघाला, तर तो माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? ९९, ९५, ५० आणि २ टक्के असे चार पर्याय दिलेले आहेत आणि अंदाजाने का होईना, उत्तर नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बरोबर उत्तर सुमारे २ टक्के आहे, कारण १,००० माणसांत खरा आजारी एकच असतो, तर उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी जवळजवळ ५० जण चाचणीत आजारी ठरतात. म्हणजे आजारी ठरलेल्या ५१ जणांत खरा आजारी एक. हे उदाहरण नवीन नाही, मीही ते दरवर्षी देते. नवीन होते ते चुकलेल्या उत्तराला मिळणारे उत्तर. मी मुद्दाम ९५ टक्के हा पर्याय निवडून पाहिला, तेव्हा ‘चूक’ एवढेच सांगून मला पुढे ढकलले गेले नाही; मी निरोगी माणसांमधल्या अचूक निष्कर्षाचा दर घेतला आहे, हे दाखवून १,००० माणसांचा गट डोळ्यांसमोर आणायला आणि त्यातले आजारी किती, निरोगी किती हे आधी लिहायला सांगितले गेले. ९९ निवडल्यावर वेगळी सूचना आली: आजारी माणूस चाचणीत सापडण्याची शक्यता आणि चाचणीत सापडलेला माणूस आजारी असण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे एका वाक्यात सांगितले होते. पन्नास टक्क्यांसाठी तिसरीच सूचना होती. विद्यार्थी कुठल्या विचाराने चुकतो हे ज्याने वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यालाच अशा सूचना लिहिता येतात. संगणक इथे फक्त त्या शिक्षकाचा अनुभव हजारो जणांपर्यंत, प्रत्येकाच्या चुकीच्या क्षणी, पोहोचवतो. आणि तंत्रज्ञानाने विद्यापीठीय अध्यापनात करण्यासारखे याहून मोलाचे काम मला आजवर दिसलेले नाही.

सरावप्रश्नांची मांडणीही अशीच जाणतेपणाने केलेली आहे. पहिल्या आठवड्यातील प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत, हे सांगणाऱ्या मापाचा) प्रश्न तिसऱ्या आठवड्यात नव्या रूपात परत येतो, तिसऱ्यातला पाचव्यात. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देण्याने शिकलेले अधिक काळ टिकते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांनी ठळकपणे दाखवले आहे. वर्गात हे तत्त्व पाळायचे म्हटले तर दर आठवड्याला जुन्या भागावर चाचणी घ्यावी लागते आणि तपासण्यातच शिक्षकाचा आठवडा जातो. इथे ते आपोआप होते.

लेखी स्वाध्याय सहाध्यायी तपासतात. प्रत्येकाने आपला स्वाध्याय दिल्यावर इतर तिघांचे स्वाध्याय ठरावीक निकषांवर तपासायचे आणि मगच आपले गुण पाहायचे, अशी पद्धत आहे. तिसऱ्या आठवड्यात मी दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारा अहवाल दिला होता. पहिल्या परीक्षकाने एकही शब्द न लिहिता पूर्ण गुण दिले, दुसऱ्याने ‘छान’ एवढेच लिहिले. तिसऱ्या, मला पूर्णपणे अनोळखी असलेल्या व्यक्तीने मात्र सविस्तर परिच्छेद लिहून दाखवून दिले, की माझ्या स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न होता ४० पासून सुरू होतो, त्यामुळे दोन गटांतील किरकोळ फरक दुपटीएवढा दिसतो आणि मजकुरात मी काढलेला निष्कर्ष त्या आकृतीशी जुळत नाही. हा आक्षेप शंभर टक्के योग्य होता. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक मी लाल शाईने खुणावत आले आहे. माझ्या स्वतःच्या आलेखात ती दाखवणाऱ्या त्या व्यक्तीचे आभार मानायला चर्चामंचावर गेले, पण परीक्षकाची ओळख लपवलेली असते, त्यामुळे आभार पोहोचवण्याची सोयच नव्हती. तिघांपैकी एकानेच मनापासून तपासणे हे प्रमाण कमी आहे, हे खरे. तरीही दुसऱ्याचे काम निकष लावून वाचताना मी स्वतः जे शिकले, ते धरले तर हा भाग टिकवून ठेवण्यासारखा आहे. फक्त एक काळजी वाटते: मी तपासलेल्या तीन स्वाध्यायांपैकी दोघांतील वाक्ये जवळजवळ सारखी होती. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून घरून लिहून आणलेल्या कुठल्याही उत्तरावर किती विसंबायचे हा प्रश्न सर्वच शिक्षकांपुढे आहे, आणि ज्या अभ्यासक्रमात कुणी कुणाला ओळखत नाही तिथे तो अधिकच बिकट आहे. विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेली माहिती वापरायला लावणे हा त्यावरचा एक उपाय ठरू शकतो. इथे मात्र सर्वांना एकच तयार माहितीसंच दिलेला आहे.

आता तक्रारीकडे वळते, कारण ती गंभीर आहे. चौथ्या आठवड्याच्या चाचणीत एक प्रश्न आहे: एका नमुन्यावरून समष्टीच्या (नमुना ज्यातून घेतला त्या संपूर्ण गटाच्या) माध्याचा (सरासरीचा) ९५ टक्के विश्वासांतराल ४८ ते ५२ असा आला, तर त्याचा अर्थ काय? बरोबर म्हणून जो पर्याय स्वीकारला जातो तो असा, की समष्टीचे माध्य ४८ आणि ५२ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. ज्या पद्धतीने हा अभ्यासक्रम शिकवतो त्या पद्धतीत हे विधान चुकीचे आहे. समष्टीचे माध्य ही स्थिर संख्या आहे; ती त्या अंतरालात आहे किंवा नाही. ९५ टक्के हा आकडा पद्धतीविषयी बोलतो: असे नमुने पुन्हा पुन्हा घेऊन प्रत्येक वेळी असा अंतराल काढला, तर दीर्घकाळात त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतरालांत खरे माध्य सापडेल. त्याच आठवड्याच्या व्हिडिओत शिक्षिकेने हे अगदी नीट समजावले आहे, म्हणजे जो विद्यार्थी लक्ष देऊन ऐकतो त्यालाच चाचणीत शून्य मिळते.

मी चर्चामंचावर हे लिहिले. लिहिण्यापूर्वी शोधून पाहिले, तेव्हा कळले की अभ्यासक्रमाच्या आधीच्या फेऱ्यांत तीन जणांनी हाच आक्षेप घेतला होता आणि त्यांपैकी एकाने तर संदर्भग्रंथातील उताराही दिला होता. कुणालाही उत्तर मिळालेले नव्हते. ‘चूक कळवा’ या बटणावरून मी स्वतंत्रपणे कळवले. आभाराचा यांत्रिक संदेश लगेच आला आणि सहावा आठवडा संपेपर्यंत प्रश्न जसाच्या तसा राहिला. मला मिळालेल्या गुणांची इथे मला फिकीर नाही. ज्याला विषय नवा आहे, ज्याच्या आसपास विचारायला कुणी नाही, असा शिकणारा हे चुकीचे विधान बरोबर समजून घेऊन जाईल, याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्गात माझी चूक झाली तर पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी हात वर करते आणि फळ्यावर ती दुरुस्त होते. इथे हात वर करणारे होते, पाहणारे कुणी नव्हते.

हा दोष एका अभ्यासक्रमाचा असला तरी त्याचे मूळ या संपूर्ण प्रकाराच्या जडणघडणीत आहे. २००८ मध्ये जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातून जो अभ्यासक्रम चालवला आणि ज्यावरून ‘मूक’ (MOOC, म्हणजे मोठ्या संख्येने सहभागी होता येईल असा मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव रूढ झाले, त्यात शुल्क भरणारे सुमारे २५ आणि बाहेरून विनामूल्य सहभागी झालेले सुमारे २,२०० जण होते; तिथे शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलणे हाच अभ्यासक्रमाचा गाभा होता. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि तिथून वाट बदलली. २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स हे मंच एकामागोमाग उभे राहिले. एडएक्सच्या पायाभूत ठरलेल्या विद्युत्‌ मंडलांवरील पहिल्या अभ्यासक्रमात सुमारे १,५५,००० नोंदण्या झाल्या आणि ७,१५७ जणांनी प्रमाणपत्र मिळवले. सात हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी इतका अवघड विषय उत्तीर्ण होतात, हे कुठल्याही एका वर्गाला शक्य नाही आणि या यशाला कमी लेखणे अन्याय्य होईल. परंतु दीड लाख माणसांच्या शंकांना उत्तरे देणारी व्यवस्था त्या प्रमाणात कधीच उभी राहिली नाही. चित्रीकरणासाठी एकदा खर्च करता येतो. उत्तर देणाऱ्या माणसाचा खर्च प्रत्येक फेरीला नव्याने करावा लागतो, आणि कपात नेमकी तिथेच होते.

या कपातीचा फटका कुणाला बसतो, हेही एव्हाना दिसून आले आहे. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने युडॅसिटीच्या साह्याने प्राथमिक गणित आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवून पाहिले आणि उत्तीर्णांचे प्रमाण कमी आल्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये तो प्रयोग थांबवला. जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-वालिएन्ते यांनी हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये मांडले, की नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमात एकदाही पाऊल ठेवत नाहीत आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. कुतूहलाने नाव नोंदवून निघून जाणाऱ्याला नापास म्हणण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे. पण शिकण्याची खरी इच्छा असूनही चौथ्या आठवड्यात अडकून, विचारून, उत्तर न मिळाल्यामुळे जो सोडून जातो, तोही याच आकड्यात गाडला जातो.

‘मुक्त’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मी निवडलेल्या अभ्यासक्रमात व्हिडिओ विनामूल्य पाहता येतात; आठवड्याच्या चाचण्या आणि सहाध्यायींची तपासणी मात्र शुल्क भरणाऱ्यांपुरती आहे, आणि फेरी संपल्यावर विनामूल्य शिकणाऱ्याला साहित्यही दिसेनासे होते. अनेक मोठ्या मंचांवर आज अशीच पद्धत आहे. वर मी ज्याची सर्वाधिक स्तुती केली ते दुसऱ्या आठवड्यातील प्रश्न सुदैवाने सरावप्रश्नांत मोडतात, म्हणून ते सर्वांना मिळतात. शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोठी अडचण अशी, की इथले साहित्य उतरवून घेण्याची, त्यात बदल करण्याची किंवा त्याचे भाषांतर करून वर्गात वाटण्याची परवानगी नाही. बदलाची मुभा देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिलेले साहित्य आपल्या विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणे बदलता येते. चौथ्या आठवड्यातील तो एक प्रश्न मला दहा मिनिटांत दुरुस्त करता आला असता. निवड करताना परवान्याची ओळ आधी वाचावी, असे मी प्रत्येक सहकाऱ्याला आग्रहाने सांगेन.

वर्गातला अनुभव संमिश्र होता. विद्यार्थ्यांनी व्हिडिओ घरी पाहून यायचे आणि तासिकेत उदाहरणे सोडवायची, अशी आखणी मी केली होती. पहिले दोन आठवडे निम्मे विद्यार्थी काहीच न पाहता आले आणि मला तेच सगळे पुन्हा सांगावे लागले. मग मी पद्धत बदलली: तासिकेच्या आदल्या रात्रीपर्यंत तीन छोट्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची आणि चौथ्या ओळीत ‘मला न कळलेली गोष्ट’ लिहायची. सकाळी ती उत्तरे वाचून, ज्या प्रश्नावर सर्वाधिक जण चुकले होते तिथूनच मी तासिका सुरू करू लागले. एरिक माझुर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात १९९१ पासून जी पद्धत रुजवली, तिच्याप्रमाणे शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायला लावणे आणि मग पुन्हा मत घेणे, हेही सुरू केले. यानंतर वर्गाचा नूर पालटला. गप्प बसणारी मुले शेजाऱ्याशी वाद घालू लागली, आणि मला जो वेळ हवा होता तो खरोखरच मिळाला.

मंचाकडून शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याने काय पाहिले याचा तक्ता मिळतो. तो उपयोगी आहे, परंतु त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एका विद्यार्थिनीने एका व्हिडिओतले तेच चाळीस सेकंद सात वेळा पाहिल्याचे तक्त्यात दिसले. संकल्पना कळली नसावी असे समजून मी तिला बोलावले, तर तिला विषय उत्तम कळला होता. तिच्याकडे फक्त लहान पडद्याचा मोबाइल होता आणि सूत्रातील अक्षराखाली लिहिलेला अंक तिला वाचता येत नव्हता. तो ‘एक’ आहे की ‘आय’ हे ठरवण्यासाठी ती व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेत होती. मी तिला ते सूत्र कागदावर लिहून दिले. कुठे अडले ते तक्त्याने अचूक दाखवले. का अडले ते विचारल्यावरच कळले. मंचाने निदान सूत्रांची एक छापील पुस्तिका जोडायला हवी होती. उपशीर्षके आणि संहिता (बोलण्याचे लेखी रूप) आहेत, पण संहितेत नेमकी सूत्रेच गाळलेली आहेत. दृष्टी अधू असलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे हा अभ्यासक्रम निरुपयोगी ठरतो, ही उणीव अक्षम्य आहे.

एकंदर पाहता, ज्याला शंका विचारायला शिक्षक, मित्र किंवा अभ्यासगट उपलब्ध आहे, त्याने हा अभ्यासक्रम अवश्य करावा. पूर्णपणे एकट्याने शिकणाऱ्याने पहिले तीन आठवडे निःशंकपणे करावेत आणि चौथ्या आठवड्यासाठी एखादे चांगले पाठ्यपुस्तक शेजारी ठेवावे. पाचवा आठवडा चांगला आहे, सहावा घाईत उरकलेला वाटतो. केवळ प्रमाणपत्रासाठी शुल्क भरण्याचा सल्ला मी देणार नाही. चाचण्या आणि सहाध्यायींची तपासणी हवी असेल, तर मात्र ते शुल्क वाया जात नाही.

पुढच्या सत्रातही मी हा अभ्यासक्रम वापरणार आहे. दुसऱ्या आठवड्यातील प्रश्न पहिल्याच तासिकेच्या आदल्या रात्री पाठवायचे ठरवले आहे. चौथ्या आठवड्यातला तो विश्वासांतरालाचा प्रश्न, चार पर्यायांसह आणि मंचाने बरोबर ठरवलेल्या उत्तरासह, मी फळ्यावर लिहिणार आहे, आणि ते उत्तर का चूक आहे हे वर्गाला शोधायला सांगणार आहे.